शनिवारचा भोंगा

छतावरची पांढरी डबी 'टिक्' करून वाजली आणि सकाळची शांतता टाचणी लागलेल्या फुग्यासारखी फुटली.

तिने डोळे उघडले नाहीत. ही डबी धूर हुंगते, एवढंच तिला लग्नानंतर शिकावं लागलं होतं. बॅटरी संपत आली की ती अशी अधूनमधून उचकी देते, हे सवयीने कळलं होतं. पुन्हा 'टिक्' झालं तशी शेजारच्या पांघरुणात हालचाल झाली.

"बॅटरी संपत आलीय," नवरा म्हणाला. "मी पटकन स्टूल घेतो आणि..."

"आज तू स्टुलावर चढायचं नाहीस. आज माझी मुलाखत आहे."

नवरा परत आडवा झाला. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायचा आणि उरलेल्या वेळात त्याचे स्वतःचे डोळे भिंतींवरच्या लाल वस्तू शोधत फिरायचे. आगीच्या घंटा, भोंगे, काचेमागची बटणं. दवाखान्यात कुणाला बघायला गेला, तर आधी छताकडे बघायचा आणि मग आजाऱ्याकडे. लग्नाआधी पहिल्यांदा दोघं नाटकाला गेली तेव्हा तो इतक्या प्रेमाने तिच्या कानाशी बघत होता, की ती लाजून लाल झाली होती. मध्यंतरात कळलं, तिच्या कानामागे भिंतीवर एक जुनी घंटा होती.

अशी वेडी माणसं जगात आणखीही होती. ती एकमेकांना फोटो पाठवायची, आवाज टिपून पाठवायची. चार वर्षांची खारूही बापावर गेली होती. कुठल्याही इमारतीत शिरलं की लाल डबी आधी कोण बघतं, हा त्या दोघांचा खेळ. बघायचं, 'सापडला' म्हणायचं, हात मात्र लावायचा नाही.

आणि शनिवार तर ठरलेलाच. मोठ्या इमारतींमध्ये भोंग्याची आठवड्याला चाचणी होते, मग आपल्याच घराने काय घोडं मारलंय, असं नवऱ्याचं म्हणणं. शनिवारी अकराला तिच्या फोनवर एका पाडलेल्या सिनेमागृहाचा भोंगा कोकलायचा. तिच्याच फोनवर, कारण नवऱ्याचा फोन फोटो काढून काढून नेमका वेळेला झोपलेला असायचा. भोंगा झाला की दूध गॅसवरून उतरवायचं, खारूला काखेत मारायचं, खारूची बाहुली दुसऱ्या काखेत, आणि खाली जिन्याच्या वळणावर जाऊन उभं राहायचं. "सामान राहू दे, माणसं आधी," नवरा दर शनिवारी न चुकता म्हणायचा. ती कुरकुरत जायची, पण जायची.

मुलाखत सार्वजनिक वाचनालयातल्या बालविभागासाठी होती. खारू झाली तेव्हा तिने नोकरी सोडली होती, 'थोडे दिवस' म्हणून. त्या थोड्या दिवसांची चार वर्षं झाली. जागा एकच निघाली होती आणि पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. आज जमलं नाही तर पुस्तकांच्या कपाटाशी संबंध फक्त धूळ पुसण्यापुरता, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. त्यामुळे खारूला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंना नेमका आजच ताप आला, तेव्हा तिने आधी घड्याळाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मी येतो ना तिला घेऊन," नवरा म्हणाला. "खाली बसू आम्ही."

"फोटो काढायचे नाहीत. कुणाला काही समजावून सांगायचं नाही. आणि मान वर करायची नाही."

"अगं, जुनी इमारत आहे ती."

"म्हणूनच सांगतेय. आज घंटेबिंटेबद्दल तुझ्या तोंडून चकार शब्द नको."

वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पहिल्या पायरीशी घंटा होतीच. ताटाएवढी गोल, लाल, कडेला पितळ घासून घासून पिवळं झालेलं. शेजारी काचेमागे बटण. नवऱ्याचा हात खिशाकडे गेला. तिने बघितलं. हात परत आला.

"बाबा, सापडला," खारू कुजबुजली.

"हो गं राणी," नवरा म्हणाला, पथ्यावरच्या माणसाने मिठाईच्या दुकानावरून जावं तशा आवाजात.

तिसऱ्या मजल्यावर शिपायाने सगळ्या उमेदवारांच्या बॅगा आणि फोन व्हरांड्यातल्या पत्र्याच्या कपाटात ठेवायला लावले. प्रत्येकीला एक खण, एक किल्ली. तिने फोन गप्प केला, गप्प झालाय ना ते पुन्हा बघितलं, आणि किल्ली मुठीत धरून आत गेली.

आत तिघं होती. मध्ये अध्यक्ष बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज असा की पुस्तकंही नीट उभी राहावीत. उजवीकडे एक पेंगुळलेले गृहस्थ. डावीकडे इमारतीची व्यवस्था बघणारे कारभारी, सडपातळ, हातात टोक केलेली पेन्सिल. सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मुलांना कुठली पुस्तकं आवडतात, फाटलेलं पान कसं चिकटवायचं, रडणाऱ्या मुलाचं काय करायचं. या शेवटच्या उत्तराला बाईंनी मान हलवली आणि तिला जरा श्वास आला.

मग कारभाऱ्यांनी पेन्सिल तिच्याकडे वळवली. "तुम्ही चार वर्षं घरी होता. या चार वर्षांत नेमकं काय केलंत?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. आरशासमोर उत्तर घोटलं होतं. ते उत्तर आता कुठे गेलं ते शोधत असतानाच व्हरांड्यात भोंगा झाला.

तीन छोटे हाकारे, मग एक गॅप. पुन्हा तीन. पत्र्याच्या कपाटाने त्याला असा काही घसा दिला होता, आणि दगडी जिन्याने असा उचलून धरला होता, की खिडकीची तावदानं थरथरली.

आज शनिवार, अकरा वाजले होते. फोन गप्प करता येतो, त्यातला गजर नाही.

"मॅडम, हा आवाज..."

"बोलू नका, उठा," बाई म्हणाल्या. पेंगुळलेले गृहस्थ तिघांच्या आधी दारात पोचले होते. व्हरांड्यात दारं आपटत होती, कुणीतरी 'आग, आग' म्हटलं होतं आणि तो शब्द भोंग्याच्याही आधी खालच्या मजल्यावर उतरला होता. ती गर्दीतून कपाटाकडे वळली तर बाईंनी तिचं कोपर धरलं.

"सामान राहू द्या. माणसं आधी."

दर शनिवारचं वाक्य. तिला हसावं की रडावं कळेना. बाईंच्या पकडीत ती जिना उतरली. अर्ध्यावर भोंगा आपोआप थांबला आणि तिच्या जिवात जीव आला. पुढच्या पायरीवर आठवलं की बंद केला नाही तर तो थोड्या वेळाने परत वाजतो, आणि तो जीव परत गेला.

आवारात सगळी इमारत येऊन उभी होती. नवरा खारूला कडेवर घेऊन गर्दीतून तिच्यापर्यंत आला आणि खांद्याला खांदा लावून, दुसरीकडेच बघत म्हणाला, "आपलाच ना?"

"आपलाच."

"मी सकाळी म्हणणार होतो, आज शनिवार आहे."

"मग म्हणाला का नाहीस?"

"तू म्हणालीस, चकार शब्द नको."

तिने डोळे मिटून घेतले. नवऱ्याचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणाने उतरला होता. "अगं, पण ती घंटा. वॉचमनने माझ्यासमोर काच फोडली, बटण दाबलं, चांगलं अंगठ्याने दाबून धरलं. ती वाजलीच नाही."

"बरं झालं. एक कमी."

"बरं काय झालं त्यात?" तो खरोखरच दुखावला. "मेलीय ती. एवढी सुंदर घंटा, आणि आत जीव नाही."

तिला आता एकच दिसत होतं. वर जायचं, खण उघडायचा, फोनची मान मुरगळायची, आणि कुणाला काही कळायच्या आत खाली यायचं. ती दाराशी गेली. वॉचमन हात आडवे करून उभा होता. तिने बॅगेचं निमित्त सांगितलं, औषधाचं सांगितलं, शेवटी नुसतंच पाहिलं.

"ताई, बॅग दुसरी मिळेल," तो समजुतीने म्हणाला. "लेकरू वाट बघतंय तिकडे, त्याच्याकडे बघा."

तेवढ्यात भोंगा पुन्हा झाला. रिकाम्या इमारतीत तो आता जास्तच मोकळेपणाने गात होता. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून कबुतरं भर्रकन उडाली, त्यांच्या पंखांनी वर्षानुवर्षांची धूळ उडवली, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "धूर बघा." मग सगळ्यांनाच धूर दिसला. एका उमेदवार मुलीला तर वासही आला.

कारभाऱ्यांनी फोन कानाला लावला. "अग्निशमन दल का? हो. तिसरा मजला. हो, डोळ्यांनी दिसतोय धूर."

तिने मुठीतली किल्ली दाबली. गप्प राहिलं तर कुणाला काय कळणार होतं? भोंगा दमून थांबेल, बंब येईल, बघेल, जाईल. बॅगा परत मिळतील. कदाचित पुन्हा आत बोलावतील आणि त्या चार वर्षांचं उत्तरही आठवेल. पण जिन्याच्या वळणावर शनिवारी उभं असताना नवरा आणखी एक गोष्ट खारूला सांगायचा. बंब एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ शकतो. तो उगाच कुठे गेला, तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पोचत नाही. खारू तेव्हा बाहुलीला जवळ ओढून घ्यायची.

आत्ताही तिने बापाच्या मानेला घट्ट मिठी मारली होती, बंब कुठून येतो ते बघत.

ती अध्यक्ष बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "मॅडम, बंब बोलावू नका. तो भोंगा माझ्या फोनचा आहे."

बाईंनी चष्मा वर सरकवला. कारभाऱ्यांचा फोन कानावरच राहिला. तिने सगळं सांगितलं, शनिवार, सिनेमागृह, दूध, बाहुली, जिन्याचं वळण. सांगताना आपलंच घर आपल्याला परक्यासारखं ऐकू येत होतं. शेवटी तिने किल्ली पुढे केली. शिपाई ती घेऊन वर गेला आणि थोड्याच वेळात भोंगा अर्ध्या हाकाऱ्यावर तुटला. कारभारी फोनमध्ये पुटपुटले, चूक झाली, नाही, धूळ होती.

"म्हणजे एका फोनपायी," ते तिच्याकडे वळले, "सरकारी कामकाज ठप्प. हे तुमचं चार वर्षांचं काम वाटतं?"

नवरा एक पाऊल पुढे आला, तिच्याकडे बघून थांबला. तोंड मिटलेलं, पण डोळे एखाद्या आजारी नातेवाइकाबद्दल विचारावं तसे बाईंकडे लागलेले.

"त्यांना काही बोलायचंय का?" बाईंनी विचारलं.

तिने सुस्कारा सोडला. आता जायचं ते गेलंच होतं. "बोल बाबा."

"मॅडम, तुमची घंटा वाजली नाही," नवरा म्हणाला. "खरी आग लागल्यावर ती वाजायला हवी होती. म्हणजे आग नव्हती, पण यांना कुठे माहीत होतं?"

वॉचमनने मान डोलावली. "काच मी फोडली, बाई. बटण आत गेलं ते गेलंच."

बाईंनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. घंटेची देखभाल त्यांच्याकडे होती. कारभारी पेन्सिलीचं टोक बघू लागले. ते मोडलं होतं.

"आगीच्या मागच्या सरावाला," बाई सावकाश म्हणाल्या, "ही माणसं चहा संपवून खाली आली होती. आज पेल्यात चहा तसाच आहे." मग त्या तिच्याकडे वळल्या. "तुमचं उत्तर राहिलं होतं. चार वर्षं काय केलंत?"

घोटलेलं उत्तर तिने सोडून दिलं. "दर शनिवारी," ती म्हणाली, "सगळ्यांना खाली आणलं. बाहुलीसकट."

पेंगुळलेले गृहस्थ पहिल्यांदाच जागे झाल्यासारखे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या आपल्या दोन्ही सहकाऱ्यांशी हळू आवाजात काही बोलल्या. कारभाऱ्यांनी आधी मान आडवी हलवली, मग दारातून दिसणाऱ्या लाल घंटेकडे बघून उभी. बाकीच्या मुलाखती तिथेच आवारात, झाडाखाली उरकल्या, आणि गर्दी पांगल्यावर बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "आणि आमची घंटा दुरुस्त होईपर्यंत तो फोन त्याच कपाटात ठेवत जा."

घरी जाताना ती हवेतच चालत होती. नवऱ्याला आता फोटोची परवानगी मिळाली होती, पण त्याने मेलेल्या घंटेचा फोटो काढला नाही, ते बरं दिसत नाही म्हणाला. दोघांच्या मध्ये खारू, दोघांची बोटं धरून.

"आई, तो भोंगा खोटा होता ना?"

"हो गं. फोनमधला."

"आणि ती लाल घंटा खरी?"

"खरी."

खारूने दोन पावलं विचार केला. "मग खरी गप्प बसली आणि खोट्याने सगळ्यांना बाहेर काढलं, तर त्यातला खोटा कोण?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मान वर करून समोरच्या इमारतीचं छत बघत होता.