भांडखोर पडदे

रखमामावशीच्या घरात नवा माणूस शिरला, की आधी दाराची चौकट धरून उभा राही. पडद्यांवर टपोरे गुलाब, गादीवर पायजम्याचे पट्टे, उशांवर ठिपके आणि भिंतीला चौकड्यांची लुंगी ठोकलेली. होडीत ज्याला कधी मळमळलं नाही, त्याला इथे मळमळे.

धाकट्या डहाणूत आम्ही तिच्या समोरच राहत होतो. आमचे हे शाळामास्तर, आणि माझ्याकडे शिलाईचं मशीन. मावशी मासळीची पाटी घेऊन डहाणू रोडला जाई. पारशीणबाईंना दोन बोंबील जास्त घालून जुना पडदा मागून घेई, शिंप्याकडून चिंध्या आणी आणि तशीच माझ्या दारात उभी राही. गुलाबाला पट्टे शोभत नाहीत, असं मी दर वेळी सांगे. तिचं उत्तर ठरलेलं.

"भांडू दे गो बाय. भांडतील, मंग नांदतील."

तिच्या घराच्या मधोमध कूड घातलेला होता. पलीकडे धाकटी जाऊ, गोमा. होडीवरून भावाभावांचं बिनसलं, घर वाटलं गेलं आणि गोमाने थोरलीशी बोलणं टाकलं. एरवी ही बाई भारी टापटिपीची, दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय जिला घास गिळवत नाही अशी. आता विहिरीवर जाताना मावशीच्या दारावरून जाई, पण तोंडातून शब्द नाही.

मावशीचे पडदे मात्र दर सणाला अधिकच भडक होत गेले. त्या नारळी पुनवेला तर तिने कहर केला. पोपटी वेलबुट्टी, तिला चिकटून लाल चौकडा आणि कडेला निळी पट्टी. शिवताना मलाच लाज वाटत होती.

पडदा दाराला लागला. मावशी ओट्यावर मासळी साफ करत बसली. गोमा घागर घेऊन आली, पुढे गेली, थांबली आणि मागे फिरली.

"हा चौकडा माझ्या जुन्या लुगड्याचा, घर एक होतं तेव्हाचा. पोपटीशेजारी कोण लावतं? निळ्यापाशी लाव."

जन्मात कोणाचं न ऐकलेली मावशी मुकाट्याने उठली, हात धुतले आणि पडदा काढून उसवायला बसली. गोमाने घागर खाली ठेवून दुसरं टोक धरलं. मग दोघी संध्याकाळपर्यंत कडाकडा भांडल्या. ऐकून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी तुकडे घेऊन आली.

"किती वरसं काय काय टांगलं गो मी," ती डोळे पुसत हसली. "कधीतरी चूक काढायला थांबंल, म्हणून."

आता कसं शिवू, मी विचारलं.

"ती सांगंल तसं."