सुमनबाईंची न धुतलेली पेटी

सुमनबाई साबण धुतात. हात धुण्याआधी वडी नळाखाली धरून नीट चोळतात, मग वापरतात. मी एकदा विचारलं, "साबण काहून धुता?"

"त्याले किती जणाइचे हात लागले, मालूम आहे का तुमाले?"

सक्करदऱ्याजवळच्या आमच्या मुलींच्या बालगृहात त्या काळजीवाहक आहेत. मुली त्यांना मावशी म्हणतात. 'आधी धू, मंग बोल' हे त्यांचं पालुपद. रडत आलेल्या मुलीलाही आधी तोंड धुवावं लागतं, आणि धुता धुता ती रडण्याचं कारण विसरते. एकदा त्यांनी दूधवाल्याची किटली बाहेरून इतकी घासली की दुसऱ्या दिवशी तो ती ओळखेना.

एक पत्र्याची पेटी मात्र त्यांनी कधी धुऊ दिली नाही. तिच्यात प्रत्येक मुलीचं गाठोडं होतं. बालगृहात येताना सोबत असलेले घरचे कपडे, आले तसेच. झाकण उघडलं की खोलीभर आंबूस वास.

मी रामटेकजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. समाजकार्य शिकवणाऱ्या सरांचे उपकार मी विसरत नाही. दुखावलेल्या मुलांसाठी घराचं वातावरणच औषध असतं, असं ते सांगत. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. इथे अधीक्षक म्हणून आल्यावर भिंतींना पिवळा रंग दिला, पडदे लावले. राहिली ती पेटी.

सुमनबाई भाचीच्या लग्नाला जरीपटक्याला गेल्या, तेव्हा मी सगळी गाठोडी सोडून कपडे उकळत्या पाण्यात भिजवले. बाई खूश होतील अशी माझी खात्री होती.

परतल्यावर त्या कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे बघत उभ्या राहिल्या.

"कोमलच्या मायची ओढणी बी धुतली?"

"हो. फार मळली होती."

"मळ नव्हता तो, मॅडम."

कोमल सहा वर्षांची. आई वारल्यावर आमच्याकडे आली. रोज जेवणाआधी ती पेटीपाशी जाऊन त्या ओढणीत नाक खुपसायची, आणि मगच पंगतीत बसायची. मला हे माहीत नव्हतं. त्या वेळी मी कार्यालयात अहवाल लिहीत असे.

त्या दिवशी तिने ओढणी हुंगली आणि खाली ठेवली. "हे माही नाही." दोन घास खाऊन उठली. दुसऱ्या दिवशीही तेच.

मी सुमनबाईंची माफी मागितली. "तुमी चांगलंच कराले गेल्या," त्या म्हणाल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांच्या अंगावर रोज तीच जांभळी साडी दिसू लागली. फोडणीचा, घामाचा वास येऊ लागला. मुली हसायच्या, "मावशे, आधी धू, मंग बोल." स्वच्छतेबद्दल मीही दोन शब्द सांगणार होते. पुन्हा चुकले असते.

चौथ्या दिवशी त्यांनी पदराचा तुकडा कापला आणि कोमलपुढे धरला.

"मायचा नाही हा. माहा आहे. चालते का?"

कोमलने वास घेतला. बराच वेळ घेतला.

"कांद्याचा येते."

"येऊ दे ना वं."

तुकडा डाव्या मुठीत धरून ती पंगतीत बसली. पोळी संपवली, भात मागितला. आईचा वास मी घालवला तो घालवलाच. तो कुठल्याच पदरात नव्हता.

जेवून कोमल नळाकडे निघाली, तशी सुमनबाईंनी तिची डावी मूठ धरली.

"एकच हात धू," त्या म्हणाल्या.