मुकादमाच्या हातचा इतिहास

रामदास पोस्टमन निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भिवंडीच्या निजामपुऱ्यात त्यांना सगळे पोस्टमनच म्हणत. त्या रविवारी सकाळी पोस्टमनच्या घरात अशी धांदल उडाली होती की बघणाऱ्याला वाटावं, आज या घरात लग्न आहे. इस्त्रीचा शर्ट दोनदा घालून दोनदा काढून झाला होता. भाषणाचे कागद तिसऱ्यांदा पिशवीत गेले होते. मीराबाईंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली, तर ते बशीकडे बघून शिलाहार राजांबद्दल बोलू लागले.

कारणही तसंच होतं. ठाण्याचं एक वारसा मंडळ दर हिवाळ्यात बारा रविवारी बारा गावांत लोकांना फिरवतं, जुन्या जागा दाखवतं आणि तिथल्याच माणसाकडून तिथला इतिहास ऐकवतं. त्या यादीत भिवंडी आजवर कधी आली नव्हती. तिथे बघायला आहे काय, लूम आणि गोडाऊन, असं मंडळात कुणीतरी म्हटल्याचं रामदासांच्या कानावर आलं होतं आणि ते त्यांना फार लागलं होतं. पत्रं वाटता वाटता त्यांनी या गल्ल्यांतल्या प्रत्येक ओट्यावर पाणी प्यायलं होतं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी गोळा केल्या होत्या. खाडीवरचं बंदर, गलबतं, हातमाग, सगळं सात वह्यांत लिहिलेलं होतं. मंडळाला त्यांनी नऊ पत्रं पाठवली. नवव्याला उत्तर आलं. मंडळाच्या मेघालीताई वीस माणसं घेऊन एक फेरी बघणार होत्या, आणि ती पसंत पडली तर या वर्षीचा बारावा रविवार भिवंडीचा.

"अहो, शुक्रवारी का नाही बोलावलंत त्यांना?" मीराबाई म्हणाल्या. "शुक्रवारी लूम बंद असतात."

"लूमचा काय संबंध?" रामदास म्हणाले.

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मीराबाई पडघ्याच्या. लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हा सहा महिने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रामदास मात्र इथेच जन्मलेले. दोन्ही बाजूंच्या यंत्रमाग कारखान्यांतली खटखट ते पाळण्यात असल्यापासून चालू होती, त्यामुळे ती त्यांना ऐकूच येत नसे. गेला महिनाभर शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी (शुक्रवारी का कोण जाणे सूरच लागत नसे) ओट्यावर उभं राहून ते भाषणाची तालीम करत आणि समोर बसलेले शेजारी तुळशीराम योग्य जागी मान डोलावत. याचा अर्थ भाषण व्यवस्थित ऐकू जातं, असा हिशेब त्यांनी केला होता.

हे तुळशीराम म्हणजे लूमच्या कारखान्यातले जुने मुकादम. तिथे ओरडून उपयोग नसतो, म्हणून त्यांनी तीस वर्षं सगळा कारभार हातांनी केला होता. कारागिरांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं आणि हाताने हुकूम द्यायचा. दोन बोटं जुळवून तोडली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की शेठ आला. दोन्ही तळवे खाली दाबले की मशीन बंद. आता ते घरीसुद्धा सुनेकडे पाणी हातानेच मागत, आणि सून त्यावरून रोज कुरकुर करी. पण गल्लीतला एकूण एक कारागीर अजूनही ते हात ओळखत होता.

दहा वाजता मंडळी आली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात कॅमेरे. गडबडीत रामदासांनी नमस्कारही दोनदा केला. गल्लीच्या मध्यावर, जुन्या दगडी विहिरीपाशी उभं राहून त्यांनी कागद काढला आणि सुरुवात केली.

पाहुण्यांना दिसत होतं ते असं, की एक गृहस्थ मोठ्या आवेशाने तोंड हलवताहेत. दोन मिनिटं सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिले. मग एका बाईंनी कानामागे हात धरला. दुसऱ्याने तिसऱ्याला काहीतरी विचारलं, तेही तिसऱ्याला ऐकू गेलं नाही. रामदासांना वाटलं, मंडळी रंगली आहेत. ते आणखी चढ्या आवाजात बोलू लागले. शेवटी मेघालीताईंनी आपल्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून वही त्यांच्यापुढे धरली. 'काही ऐकू येत नाही.'

रामदास थांबले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि चौसष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्यांना लूम ऐकू आले.

त्यांचा चेहरा एवढा उतरला की तुळशीरामांना राहवलं नाही. ते ओट्यावरून उठून पुढे आले, रामदासांच्या कानाला तोंड लावून म्हणाले, "तू बोल पोस्टमन. मी दावतो."

भाषण त्यांना पाठच झालं होतं. रामदास म्हणाले, शिलाहार राजे आले. तुळशीरामांनी मिशीला पीळ दिला आणि ऐटीत दोन पावलं टाकली. पाहुण्यांना एका क्षणात कळलं आणि ते खुदकन हसले. राजवट संपली म्हणताच दोन बोटं जुळवून तोडली. पोर्तुगीज आले, पुन्हा मिशीला पीळ, फक्त डोक्यावर हाताने काढलेली एक हॅट जास्त. मेघालीताई मान हलवत भराभर लिहू लागल्या. रामदासांच्या अंगात पुन्हा वारं भरलं.

पण ते हात बघणारे फक्त पाहुणेच नव्हते. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून कारागीरही बघत होते आणि त्यांना दिसत होतं, शेठ आला. पहिल्या खेपेला ते सावध झाले. दुसऱ्या खेपेला ज्यांची मशीन रेंगाळत होती त्यांनी ती जोरात सोडली. मराठे आले तेव्हा तिसरा पीळ पडला आणि गल्लीत असा कल्लोळ उठला की विहिरीच्या कठड्यावरची बाटली थरथरून आत पडली. एका सकाळी तीन शेठ म्हणजे कारखान्यावर धाड आहे, अशी पलीकडच्या गल्लीत बातमी गेली.

अशात रामदास शेवटच्या भागाला आले. खाडी गाळाने भरत गेली आणि भिवंडीचं बंदर बंद पडलं. तुळशीरामांनी दोन्ही तळवे खाली दाबले.

शेजारचा कारखाना थांबला. मग समोरचा. मग त्याच्या मागचा. एका मिनिटात अख्खी गल्ली गप्प झाली आणि त्या शांततेत रामदासांचं ओरडणं स्वच्छ ऐकू आलं.

"मुकादम, बाईंना राजा कोण नि लूमचा शेठ कोण ते समजतंय का बघा जरा, नुसतीच मान हलवतायत!"

मेघालीताईंची मान हलायची थांबली.

गल्लीत कुठेतरी एक तान्हं मूल घाबरून रडू लागलं, कारण शुक्रवार नसताना अशी शांतता त्याने कधी ऐकलीच नव्हती. वरच्या मजल्याच्या खिडकीतून नव्वदीच्या ठकुबाई डोकावल्या. रविवारी भर सकाळी लूम थांबतात ते एकाच कारणाने.

"कोन गेला रं?" त्यांनी विचारलं.

"आपलं बंदर," तुळशीराम म्हणाले.

"कधी गेला?"

"झाली बरीच वर्सं."

"मंग आज कशाला बोंब?" ठकुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. पण तोवर मयताच्या तयारीने डोक्याला टॉवेल बांधून दहाबारा माणसं विहिरीपाशी येऊन उभी राहिली होती. मागोमाग कारागीर बाहेर आले आणि त्यांच्यामागून कारखान्याचा मालक भावेश शेठ, मोबाईल कानाला लावून.

"बंद किसने किया?" त्याने विचारलं.

"मुकादम ने बोला," चारपाच जण एकदम म्हणाले.

"मी न्हाय बोल्लो," तुळशीराम शांतपणे म्हणाले. "इतिहास बोल्ला."

भावेशच्या कपाळावर आठ्या चढल्या. पण त्याच्या वडिलांना लूम शिकवला तो याच माणसाने, त्यामुळे त्याला ओरडता येईना. त्यात वीस कॅमेरे त्याच्याकडे वळलेले. त्याने शर्टाची कॉलर नीट केली आणि दहा मिनिटं घ्या म्हणाला.

रामदासांना आणखी काय हवं होतं? समोर दीडशे माणसं, वर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. त्यांनी तोंड उघडलं. आवाज एवढा मोठा निघाला की तेच दचकले. मग तो लहान केला, तर कुजबुज झाली. बोललेला शब्द न् शब्द लोकांना ऐकू जातो आहे, या एका विचाराने त्यांची जीभ टाळूला चिकटली. इतकी वर्षं जपलेलं सगळं डोक्यातून धुवून गेलं. बारावा रविवार आता गेला, हे त्यांना समोर दिसत होतं आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

तेव्हा मीराबाई पुढे झाल्या. "शेठ, लूम चालू करा हो," त्या भावेशला म्हणाल्या. "यांना त्याशिवाय बोलता येत नाही."

भावेशने हात वर केला. खटखट सुरू झाली, गल्लीभर पसरली, आणि रामदासांचा गळा असा मोकळा झाला की त्यांनी बंदर, गलबतं, हातमाग, पहिला लूम कुठल्या घरात आला ते सगळं एका दमात सांगितलं. त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही. तुळशीरामांचे हात मात्र सगळ्यांना दिसले. खिडकीतल्या कारागिराने ते पुढच्या खिडकीला केले, त्याने पुढच्या कारखान्याला, आणि पाहुणे कॅमेरे सोडून स्वतःच गलबतं वल्हवू लागले. फेरी संपली तेव्हा टाळ्यांऐवजी सगळ्यांनी मुकादमाला मिशीचा पीळ दाखवला, ज्यांना मिशा नव्हत्या त्यांनीसुद्धा.

पंधरा दिवसांनी नव्या पोस्टमनने पाकीट आणलं. रामदासांनी ते दारातच फोडलं. छापील यादीत सर्वांत खाली होतं:

'रविवार बारावा. भिवंडी, निजामपुरा. (लूम चालू असताना.) वक्ते: श्री. तुळशीराम. आवाज: श्री. रामदास.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. भिवंडी यादीत आली म्हणून छाती भरून आली, आणि पुढची ओळ वाचून थोडी रिकामी झाली. मीराबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या की जे झालं तेच छापलंय, पेढे आणा. रामदास कागद घेऊन बाहेर पडले. तुळशीराम नेहमीप्रमाणे समोरच्या ओट्यावर बसले होते. रामदासांनी कागद त्यांच्यापुढे धरला.

तुळशीरामांनी तो सावकाश वाचला. मग मान वर करून रामदासांकडे बघितलं, समोरच्या खिडकीकडे वळले, पोस्टमनकडे बोट दाखवलं आणि मिशीला झकास पीळ दिला.

गल्लीतले सगळे लूम एकदम जोरात चालू लागले. या वेळी रामदासांना ते अगदी स्पष्ट ऐकू आले.