बारावी काडी

"आता हे बाण माझ्यानंतरसुद्धा मोडायचे नाहीत!" सासूबाईंनी जाहीर केलं, आणि पदर खोचला. ऐकायला घरात कोणी नव्हतं. सून तिरंदाजीच्या स्पर्धेसाठी दोन दिवस बाहेरगावी. म्हातारा होता, पण तो भिंतीवर, फोटोत. चाळीस वर्षांत त्याने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आता काय देणार!

म्हातारा लाकडी बाण करायचा. आयुष्यभर लोकांसाठी केले, शेवटी शेवटी फक्त सुनेसाठी. मागच्या थंडीत गेला तो कामाच्या टेबलावरच, बोटात पेन्सिल धरून. सासूबाई रडल्या नाहीत. आलेल्या बायका कुजबुजल्या, "किती घट्ट बाई!" घट्ट नको तर काय? त्यांचा चहा कोणी केला असता?

पण तेव्हापासून एक गोष्ट मात्र त्यांच्या उरात सलत होती. सून रोज मैदानावर सराव करायची आणि आठवड्याला दोन-तीन मोडके बाण कचऱ्याच्या डब्यात यायचे. ओल्या गवतात पडून वाकलेले, दगडावर आपटून चिरलेले. डब्याचं झाकण उघडलं की सासूबाई मनात म्हणायच्या, गेला आणखी एक! माणूस एकदा गेला ते सोसलं. पण हा रोज थोडा थोडा जायला लागला, त्याचं काय करायचं? सुनेला विचारणं म्हणजे तिच्यापुढे डोळे पुसणं. ते काही जमणारं नव्हतं.

म्हणून उरलेले तरी पक्के करायचे!

बाण सापडले सुनेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, मऊ कापडात गुंडाळून. अकरा. "मोडायच्या मालाचे केवढे हे लाड!" म्हणत त्यांनी गाठ सोडली.

म्हातारा कसं करायचा ते त्यांनी हजारदा पाहिलं होतं. जवसाच्या तेलाचा पुसट हात, फडक्याने पुसून घ्यायचं, दिवसभर वाळवायचं, पुन्हा हात. असं चार दिवस! "एका बाणाला तू एवढं चोळतोस, मला कधी डोक्याला तेल लावलंस का?" असं त्या तेव्हा म्हणायच्या. आता त्यांनी तेलाला सुट्टी दिली आणि व्हार्निशचा डबा काढला. दाराचं पॉलिश वीस वर्षं टिकलं होतं, बाण काय दारापेक्षा मोठे लागून गेले?

प्रत्येक बाणाच्या काडीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. मळ! पॉलिश पेपरने खसाखसा घासून काढला. मग म्हाताऱ्याच्या टेबलामागे पडलेल्या एका बोडक्या काडीने डबा ढवळला आणि जाड थर दिले. एक, दोन, तीन! पिसांनाही दिले. पावसात भिजणार ती पिसंच ना, मग त्यांना का उपाशी ठेवायचं? आणि सगळे बाण एका उभ्या बरणीत घालून उन्हात ठेवले, फुलदाणीसारखे.

दुसऱ्या दिवशी एक बाण उचलला, तर अकराही उचलले गेले. बरणीसकट!

सासूबाईंनी ओढलं. हिसडलं. बरणी सुटली, पण बाण एकमेकांना असे चिकटले होते, जणू वाटणीला भ्यालेले भाऊ. त्यांनी कुंपणावरून शेजारच्या सुताराला हाक मारली.

"अहो सुतारदादा, हे जरा सोडवा."

सुताराने चष्मा पुसला. "काकू, हा खराटा छान झालाय. कशासाठी?"

"जीभ आवरा! बाण आहेत."

"पिसांनासुद्धा व्हार्निश? काका असते तर..."

"काका नाहीत म्हणूनच तुम्हाला बोलावलं! टर्पेंटाइन आहे का?"

टर्पेंटाइन होतं. बाण सुटले खरे, पण व्हार्निश सुटलं तसा पिसांचा डिंकही सुटला. पिसं सासूबाईंच्या बोटांना चिकटली, बोटांवरून कोपराला, कोपरावरून नाकाला. सुतार मुकाट्याने निघून गेला. जाताना हसला नाही, तेच जास्त लागलं.

आणि नेमकी तेव्हाच सून दारात! खांद्यावर धनुष्य, पिशवीत दोन मोडके बाण. तिने ओट्यावरच्या अकरा बोडक्या काड्या पाहिल्या. पिशवी हातातून गळाली.

"आई... हे बाबांचे आहेत?"

"मग कोणाचे? रोज मोडतेस ते मी पाहत नाही का? म्हटलं, उरलेले तरी टिकावेत."

सून खाली बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी बाबांचा एकही बाण कधी मारला नाही हो, आई. बाराचा संच पुरा झाल्यावर देणार होते, ते गेले तेव्हा अकराच झाले होते. डब्यात जातात ते दुकानातले."

सासूबाईंनी ओट्यावरच्या काड्या मोजल्या. अकराच भरल्या.

"त्यांवर बाबांच्या खुणा होत्या," सून म्हणाली. "वजन लिहायचे, आणि काडी सरळ असली की शेजारी छोटी बरोबरची खूण."

"मळ वाटला मला," सासूबाई म्हणाल्या. नाकावरचं पीस थरथरलं.

मग सुनेने इकडेतिकडे पाहिलं. "बारावी काडी होती ना टेबलापाशी? बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या हातात होती ती. मी खूप शोधली."

सासूबाईंनी हळूच व्हार्निशच्या डब्यातून ढवळायची काडी उपसली. खालचा अर्धा भाग थबथबलेला. वरचा अर्धा मुठीत धरल्यामुळे कोरडा राहिला होता. आणि तिथे, पेन्सिलीने, थोड्या कापऱ्या हाताने लिहिलेला आकडा होता. बरोबरची खूण करायची राहून गेली होती.

सुनेने काडी डोळ्यांपाशी धरली, लांबून पाहिली, फिरवून पाहिली.

"सरळ आहे, आई. एवढी तुम्ही वाचवलीत."

"वाचवली कसली!" सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला गेल्या. तेवढ्यात पदराला लागलेलं व्हार्निश पापणीला चिकटलं.

मागच्या थंडीपासून थोपवलेलं रडू त्यांना अखेर फुटलं, पण एकाच डोळ्यातून. दुसरा संध्याकाळपर्यंत उघडलाच नाही.