नेव्हिल सर आणि आत्याचा डबा

दर रविवारी सकाळी साडेसातला एक साठीचा गोरा माणूस आमच्या इमारतीचा जिना उतरायचा, आणि त्याच्या हातात आमच्या घरचा स्टीलचा कडीचा डबा असायचा. जाताना डबा रिकामा. संध्याकाळी सातला परत यायचा तेव्हा भरलेला. शनिवार पेठेतली माणसं एवढ्या माहितीवर स्वस्थ बसत नाहीत. कुणी म्हणालं, धारोष्ण दूध आणतो. कुणी म्हणालं, कुठल्यातरी महाराजांचा अंगारा आणतो. तळमजल्यावरच्या गोखल्यांनी तर मला थेट विचारलं, "अहो, डबा तुमचा, माणूस इंग्लंडचा. भानगड काय आहे?"

भानगड माझ्या बायकोनं केली होती.

नेव्हिल सर आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, त्याला आठ वर्षं झाली. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सना आणि इंजिनियरांना ते एका क्लासात इंग्रजी बोलायला शिकवत. मी त्यांना चिडवायचो, "तुमच्या देशानं आमच्या नर्स नेल्या आणि बदल्यात तुम्हाला पाठवलं. सौदा काही बरोबर झाला नाही." सर गंभीरपणे विचार करून म्हणायचे, "खरं आहे. मला इंजेक्शनसुद्धा देता येत नाही." त्यांचं मराठी संथ होतं, पण स्वच्छ. आमच्या नातवापेक्षा बरं.

आल्यानंतर पहिल्याच एकादशीला शुभदानं त्यांना साबुदाण्याची खिचडी पाठवली. शुभदा म्हणजे माझी बायको. डबा तिला लग्नात मिळालेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'चि. सौ. कां. शुभदा हिस आत्याकडून.' दुसऱ्या दिवशी सरांनी डबा लख्ख घासून परत आणला. शुभदानं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत हं."

आता हे वाक्य असं म्हणायची आमच्याकडे एक रीत आहे. समोरच्यानं हसायचं, "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचं आणि विसरून जायचं. सरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मुळात पांढरे, ते आणखी पांढरे पडले. "माफ करा, काकू," म्हणाले आणि डबा घेऊन पुन्हा वर गेले. शुभदा माझ्याकडे वळून म्हणाली, "हा माणूस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा असेल. आणि मी काकू?"

त्या रविवारी संध्याकाळी सातला दार वाजलं. डब्यात खारी होती. वर एक चिठ्ठी, शाळेतल्या मुलासारख्या गोल अक्षरात: 'खडकी. खारी. बस फार हलली, म्हणून चुरा.'

आता डबा भरून आला, म्हणजे शुभदाला तो रिकामा पाठवता येईना. तिनं शनिवारी अळूवड्या पाठवल्या. सर रविवारी पुन्हा निघाले. अशी आठ वर्षं झाली.

सरांनी स्वतःसाठी कडक नियम केले होते. डब्यातली वस्तू पेठेतल्या दुकानातली चालणार नाही. बसमध्ये बसायचं ते शेवटच्या थांब्यापर्यंत. उतरल्यावर तिथलं जे मिळेल ते भरायचं. परदेशातून आलेली माणसं किल्ले बघतात, लेणी बघतात. सर आठ वर्षांत एकाही किल्ल्यावर गेले नाहीत, पण बसचा शेवटचा थांबा त्यांनी एकही सोडला नाही. मी म्हणायचो, "अहो, कधी सिंहगड तरी बघा." तर उत्तर यायचं, "तिथल्या दह्याचा डबा बसमध्ये सांडेल. नियम म्हणजे नियम."

एकदा त्यांच्याबरोबर मीही मांजरी गावाला गेलो. जायला नको होतं. उन्हात दोन तास हिंडल्यावर सरांना ऊसच हवा होता. शेतकऱ्यानं आनंदानं आख्खा ऊस काढून दिला. सरांनी डबा पुढे केला. तो माणूस डब्याकडे बघतो, सरांकडे बघतो, मग माझ्याकडे.

"आवं सायब, ऊस डब्यात घालून कुणी नेतं व्हय? खांद्यावर टाका की."

"काकूंना डब्यातच द्यावा लागतो," सर म्हणाले.

"काकू लई कडक दिसत्यात," तो मला म्हणाला. मी मान डोलावली. मग त्यानं कोयत्यानं बोटाएवढे तुकडे करून दिले आणि सर एकेक तुकडा उभा लावत बसले. आमची बस चुकली. त्या दिवशीची चिठ्ठी होती: 'मांजरी. ऊस. दात सांभाळा. काका रागावले आहेत.'

ईदला त्यांची एक नर्स विद्यार्थिनी त्यांना घरी घेऊन गेली. तिच्या आईनं डबा शीरखुर्म्यानं काठोकाठ भरला. तो मांडीवर धरून सर रिक्षानं आले, आणि वळणावर रिक्षा कलेल त्या बाजूला स्वतःही कलत राहिले, असं त्यांनीच आम्हाला करून दाखवलं. शुभदानं शीरखुर्मा दोनदा वाढून घेतला. वर पुटपुटली, "आता मी काय पाठवू? याच्या तोडीचं मला काही येत नाही." तिला स्वतःहून असं म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तक्रार मात्र तिची कायम असायची. रविवारी सातला तिची मालिका लागते आणि नेमकं तेव्हाच दार वाजतं. "या माणसाला घड्याळ आहे की नाही?" म्हणत ती उठायची. घड्याळ होतं, म्हणूनच तो सातला यायचा, पण हे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

मागच्या वर्षी शुभदाची आई गेली. माहेरून परत आल्यावर ती खोलीत पडून राहिली. स्वयंपाकघरात तिला पाऊल टाकवेना. मी खानावळीतून काहीबाही आणत होतो. बुधवार होता, दुपारचा एक वाजला होता. दार वाजलं. सर डबा घेऊन उभे. आत ओट्सची लापशी, थोडी करपलेली. त्यांना दुसरं काही करता येत नसे. ते आत आले नाहीत, डबा देऊन वर गेले. चिठ्ठीवर या वेळी गावाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं: 'घर. लापशी. खाली लागली आहे.'

शुभदानं ती सगळी खाल्ली आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली. ती चिठ्ठी तिनं देवघराच्या खणात ठेवलीय. मला माहीत नाही असं तिला वाटतं.

या वर्षी क्लासवाल्यांनी सगळं शिकवणं कॉम्प्युटरवर नेलं आणि सरांची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा जातो. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. आधीच्या शनिवारी शुभदानं डब्यातून गुळाच्या पोळ्या वर पाठवल्या. रविवारी साडेसातला जिना वाजला नाही. संध्याकाळी सातलाही दार वाजलं नाही. मालिका चालू होती, पण शुभदा दाराकडेच बघत होती. शेवटी मला म्हणाली, "अहो, वर जाऊन या. आत्यानं दिलेला डबा आहे तो."

मी वर गेलो. बॅगा बांधलेल्या. डबा टेबलावर, घासून पुसून उपडा घातलेला. सर समोर बसले होते.

"आज कुठे गेला नाहीत?" मी विचारलं.

"दुपारी थांब्यावर गेलो होतो. चार बस सोडल्या." मग म्हणाले, "काका, भरून दिला तर काकूंना पुन्हा भरावा लागेल, आणि मी इथे नसेन. रिकामा दिला तर नियम मोडतो. आणि संपतं."

मी म्हणालो, "तिकडे घरचं कुणी असेल ना?"

"घर आहे," ते म्हणाले. "शेजारी एक बाई राहायच्या. बारा वर्षं. आम्ही हवेबद्दल बोलायचो. त्यांचं नाव मला माहीत नाही." त्यांनी बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला. "तिथे रविवार फार मोठा असतो."

मी सहज म्हणून बोलून गेलो, "इथे तुम्ही बसनं हिंडून तो बरा घालवलात."

"बसनं हिंडायला कोण जातं, काका?" सर म्हणाले. "मला संध्याकाळी सातला तुमचं दार वाजवायचं असायचं. मोकळ्या हातानं कसं वाजवणार?"

मी डबा न घेताच खाली आलो. शुभदानं विचारलं, तर "उद्या देतायत" एवढंच सांगितलं.

सोमवारी सकाळी सर दारात आले. खाली टॅक्सी उभी होती. दोन्ही हातांनी डबा पुढे धरला होता आणि नजर खाली होती. शुभदानं झाकण उघडलं.

"रिकामा?"

"हो, काकू."

"आमच्याकडे रिकामा परत घेत नाहीत." तिनं झाकण लावलं, कडी अडकवली आणि डबा त्यांच्या छातीशी टेकवला. "न्या. भरून आणा. सवडीनं आणा."

"काकू, फार लांब आहे."

"मग टिकेल असं काहीतरी आणा," शुभदा म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

सरांनी तो डबा बॅगेत ठेवला नाही. हातात धरूनच जिना उतरले. गोखले खालून बघत होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

याला पाच महिने झाले. स्वयंपाकघरातल्या फळीवर त्या डब्याची जागा शुभदानं मोकळी ठेवलीय. दुसरं भांडं मी तिथे ठेवलं की ती उचलते. आणि रविवारी सात वाजले की टीव्हीचा आवाज बारीक करते. का म्हणून विचारलं, तर म्हणते, डोकं दुखतंय.