पाणकोंबडीची गादी

चष्मेवाल्याने दुर्बीण भेट द्यायला नको होती. पण जीवशास्त्राच्या बाईंवर छाप पाडायची, म्हणून त्याने आपल्या चष्म्यांच्या दुकानातली सगळ्यात भारी दुर्बीण उचलली. लग्नाला हो की नाही, ते बाई आज सांगणार होत्या. जागाही त्यांनीच निवडली होती. नदी समुद्राला मिळते तिथलं पाणपक्ष्यांचं अभयारण्य! तिथला वारा म्हणजे नुसता उच्छाद. आणि चष्मेवाल्याच्या डोक्यावरचे दाट, काळेभोर केस होते विकतचे. म्हणून त्यांच्यावर त्याने लाल टोपी गच्च दाबून बसवली होती.

"साहेब, टोपी काढा," होडीत बसताच नावाडी म्हणाला. "लाल रंगाला पाखरं बुजतात."

"अहो, मला ऊन लागतं!"

"काढा ना," बाई म्हणाल्या. आता काय बोलणार, कप्पाळ? टोपी फळीखाली गेली.

होडी वळणावर आली आणि वाऱ्याने डाव साधला. विग भुर्रकन उडाला तो थेट लव्हाळ्यात. नशीब, बाई पुढे तोंड करून दुर्बिणीत गुंगल्या होत्या! चष्मेवाल्याने टकलाला झटकन रुमाल बांधला.

"अय्या, ते काळंभोर काय हो तिथे?"

"शेवाळ असेल."

"शेवाळाला भांग असतो?"

नावाड्याने उत्साहाने होडी जवळ नेली. तेवढ्यात एक पाणकोंबडी आली. तिने विग उलटासुलटा करून पाहिला, ओढत घरट्यात नेला आणि वर ऐसपैस बसली. शेजारची पाणकोंबडी टकामका बघत राहिली. चष्मेवाला वल्हं घेऊन पुढे वाकला.

"ओ साहेब! घरट्याला हात लावलात तर आत जाल!"

"अहो, पण ते..."

"ते काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

काठावर उतरेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला होता. जन्मभर रुमाल बांधून हिंडायचं की काय? शेवटी त्याने हिय्या केला.

"अहो, ते मघाचं काळं... ते माझं होतं."

"माहीत आहे. माझ्या नाकासमोरूनच गेलं. दुर्बीण झकास आहे हो तुमची, एकेक धागा दिसला!"

त्याने मान खाली घातली. "म्हणजे नकारच ना?"

"कशाला? तुम्ही कबूल कधी करता, तेवढंच बघत होते. सोडा तो रुमाल. आईला आजच सांगते, तारीख काढ म्हणून."

त्याने रुमाल सोडला. टकलाला वारा लागला आणि त्याला खरंच फार बरं वाटलं.

"दुसरा विग मात्र घरात आणायचा नाही," बाई म्हणाल्या. "आणलातच तर इथे आणा. ती शेजारीण कशी बघत होती, पाहिलंत ना?"