ताइस्तोरावांनी धुक्याच्या दिव्यांतील पाण्यावर केलेली मोहीम

ज्याने सूर्य केला त्यानेच धुके केले, आणि धुके केले म्हणोन माणसाने दिवे केले, आणि दिवे केले म्हणोन दिव्यांत पाणी शिरले, ऐसा हा सृष्टिक्रम आहे. त्यास इलाज नाही. परंतु इलाज नाही हे ज्यास पटत नाही त्यासच पुरुषार्थी म्हणतात, आणि घरचे लोक त्यास आणखीही काही म्हणतात. ऐशा एका पुरुषाची मोहीम फिनलंड मुलखी, सावो प्रांती, ईसाल्मी शहराबाहेर तळ्याकाठी जाहली, ती जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे मीठ घातले असेल तर चवीपुरतेच.

राजश्री ताइस्तोराव क्यार्प्पे, शाळेत मुलांस लाकूडकाम शिकविणार, स्वभावे मानी, बोलण्यास कमी आणि मनात बोलण्यास अफाट. यांचे पदरी एक गाडी होती, मोहरीच्या रंगाची, लांब पाठीची, वयाने त्यांच्या थोरल्या लेकीहून वडील. तिचे समोर, जमिनीलगत, दोन धुक्याचे दिवे. आणि शरदात तळ्यावरून धुके चालोन आले म्हणजे ते दिवे लावोन ताइस्तोराव बाजारास पाव आणावयास निघत, ते मुलूखगिरीस निघाल्याच्या डौलात. त्या दिव्यांत गनीम शिरला. आधी काचेस आतून घाम आला, मग थेंब धरिले, मग थेंबांचे डबके जाहले, आणि वळणावर गाडी कलली म्हणजे डबके डुचमळो लागले.

सालाबादप्रमाणे गाडी तपासणीच्या ठाण्यावर नेली, तो तेथील तपासनीस गुडघे टेकोन दिव्यांत पाहता जाहला आणि पुसता जाहला, "मासे पाळलेत की काय आत?" ताइस्तोराव खजील जाहले. मग तपासनिसाने हुकूम फर्माविला की येत्या सोमवारी दिवे कोरडे करोन फिरोन यावे, नाही तर गाडी रस्त्यावर आणू नये.

हे वर्तमान घरी पोचता कुटुंब इर्मेलीबाई यांनी स्वयंपाकघरातूनच फर्मान काढिले. "सोमवारी पास झाली तर झाली. नाही तर ती विकायची आणि रौनोसारखी विजेची घ्यायची. आणि ताइस्तो, यावर मला एक शब्द नकोय." रौनो म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, विमा कचेरीत कारकून, शेजारच्याच घरी मुक्काम. त्याची पांढरी विजेची गाडी आवाज न करिता अंगावर येत असे, आणि तीत बसोन तो दर वेळी काच खाली करोन हसत असे. त्या हसण्यापुढे शरण जाणे ताइस्तोरावांस मरणप्राय वाटे. गाडी गेली तर अब्रू गेली, ऐसे त्यांनी पक्के धरिले आणि कंबर बांधिली.

पहिला हल्ला गरम हवेचा केला. इर्मेलीबाईंचे केस वाळविण्याचे यंत्र न पुसता उचलिले आणि अंगणात गाडीपुढे पालथे पडोन दिव्यांवर मारा चालविला, तो काच तापली, थेंब नाहीसे जाहले, ताइस्तोराव विजयी मुद्रेने उठले, आणि चहा होतो तो थेंब पुन्हा जागच्या जागी. मग मसलत करोन मांजर ज्यावर विधी करिते त्या मातीची पुडी जुन्या मोज्यात भरिली आणि ती दिव्याच्या पाठीमागे दडविली, की ओल शोषील. ओल राहिली, माती राहिली, मांजर मात्र गाडीस प्रदक्षिणा घालू लागले.

त्याउपरी ताइस्तोराव चिडले. पाणी आत येते म्हणजे वाट आहे, आणि वाट आहे तर ती बंद केली पाहिजे, ऐसा विचार करोन त्यांनी शाळेतून सिलिकोनची नळी आणिली आणि दिव्यांचे सांधे, कडा, फटी, सर्व बुजविले. दिव्यांच्या पाठीस एक एक बारीक भोक होते, ते कारखान्यानेच ठेविले होते. ही तो गनिमाची चोरवाट, म्हणोन तेही ठेचोन बुजविले. मग हात पुसोन आपणांसीच म्हणाले, "आता ये कसा येतोस ते." सकाळी पाहातात तो दिवे आतून पांढरेफटक. गनीम येईना हे खरे; पण होता तो जाईना. किल्ल्याचे दरवाजे लाविताना शत्रू आतच राहिला, ऐसी गत जाहली.

शनिवार उजाडला. तो दिवस सौनाचा, म्हणजे लाकडी कोठडीत तापल्या दगडांवर पाणी टाकोन वाफेचे स्नान करण्याचा. त्या मुलखी ऐसे म्हणतात की जे दुखणे सौनाने, दारूने आणि डांबराने बरे होत नाही ते घेऊनच मरावे. ताइस्तोरावांचे डोक्यात वीज चमकली. तळ्याकाठी आपली सौना आहे, लाकडे फोडिलेली आहेत, चुलीवरचे दगड एकदा लाल तापले की वरच्या फळीवर लोणी काय, लोखंडाचेही पाणी होईल. तेथे दिव्यांतील चार चमचे पाण्याची काय कथा? मग दोन्ही दिवे गाडीपासोन सोडविले, टॉवेलात गुंडाळिले आणि सौनातील सर्वांत वरच्या फळीवर, मानाच्या जागी, नेऊन बसविले.

अडचण एकच. कोरडी धग पाहिजे होती. आणि सौनात जाऊन तापल्या दगडांवर पाणी न टाकणे म्हणजे लग्नास जाऊन अक्षता न टाकणे. त्यात सासूबाई हेल्वीबाई शनिवार-रविवार मुक्कामास आल्या होत्या, वयाने ऐंशीच्या घरातल्या, हाडाने सागवानी, आणि रिवाजाप्रमाणे आधी बायकांची पाळी. ताइस्तोराव दारात आडवे उभे राहिले आणि अर्ज केला.

"हेल्वीआई, आज दगडांवर पाणी टाकू नका. दिवे सुकतायत."

सासूबाईंनी जावयास पायापासोन डोकीपर्यंत न्याहाळिले. "असेलही तसं," म्हणाल्या, आणि लेकीस घेऊन आत गेल्या.

आता सावोच्या माणसाने तोंड उघडिले की जबाबदारी ऐकणाऱ्याची, हे त्या प्रांतीचे पोरही जाणते. होय म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. ताइस्तोराव जन्माने सावोचेच, परंतु चिंतेने मती गेली आणि त्यांनी त्यास रुकार समजोन घेतले. तेथेच दगा जाहला.

पायरीवर रौनो बिअरचा डबा घेऊन बसला होता. ताइस्तोराव शेजारी टेकले, तो आतून आवाज आला, चस्स! मग दुसरा, चस्स! ताइस्तोराव ताडकन उठले. "हेल्वीआई, नको म्हणालो ना!" आतून सासूबाई गरजल्या, "अरे, अंघोळीला आलेय मी, बेकरीत नाही!" आणि पळीमागोन पळी पाण्याचा भडिमार केला, इतका की दाराच्या फटीतून वाफ बाहेर आली आणि आत इर्मेलीबाईही "आई, पुरे गं!" म्हणो लागल्या. त्या धुमश्चक्रीत एक फट् ऐसा आवाज जाहला, आणि मग दुसरा.

"गेले वाटतं दिवे," रौनो म्हणाला. "दाजी, एक सांगू? विजेच्या गाडीला ही कटकट नसते."

"रौनो, बिअर पी."

"पितोच आहे. सोमवारी दुकानात येऊ का सोबत? रंग निवडायला?"

पुरुषांची पाळी आली. ताइस्तोराव आत जाऊन पाहातात तो दिव्यांत दूध भरिल्यासारखी वाफ, आतून पाण्याच्या धारा. ते दिव्यांशेजारीच बसले. इतुकी वर्षे ज्या गाडीने बर्फात, चिखलात दगा दिला नाही, लेकीस जन्मल्यावर ज्या गाडीतून घरी आणिले, ती आता आपल्याच मूर्खपणाने जाणार, हे मनात येऊन त्यांस रडू कोसळले. सौनात सर्वांचेच तोंड भिजलेले, सबब घाम समजोन कोणी हटकिले नाही. रौनोने मात्र त्या वेळी तोंड मिटोन ठेविले, हे त्याचे बाजूने लिहिले पाहिजे.

मग रिवाजाप्रमाणे शेवटी चुलीत दोन ओंडके टाकिले, दार किलकिले ठेविले, की उरल्या धगीवर फळ्या सुकाव्या, आणि मंडळी जेवावयास गेली. दुःखाचे भरात दिवे तेथेच राहिले.

रविवारी सकाळी ताइस्तोराव दिवे कचऱ्यात टाकावे म्हणोन गेले. दार उघडिले आणि जागीच थबकले. दोन्ही दिवे लख्ख. थेंब नाही, घाम नाही, काच ऐसी की आतील तारही स्पष्ट दिसावी. उलटोन पाहातात तो दोहोंच्याही पाठीचे भोक मोकळे, आणि त्यात ठासिलेले सिलिकोनचे बूच वाफेच्या जोराने उडोन आपल्याच एका तंतूवर लोंबते आहे. मग सारे उमगले. ते भोक चोरवाट नव्हती, दिव्याचे नाक होते. पाणी जाऊ पाहात होते आणि आपण दारात पहारा देत होतो. सासूबाईंच्या वाफेने बूच उडविले, उरल्या धगीने ओल त्याच वाटेने हाकलोन दिली. ताइस्तोरावांनी लोंबती बुचे तोडिली, खिशात घातिली आणि ही गोष्ट कोणास न सांगण्याचा निश्चय केला.

कॉफीचे वेळी मेजावर दिवे मांडोन त्यांनी दरबारात निवेदन केले की आधी वाफ, मग धग, ऐसा आपला बेत पहिल्यापासोनच होता.

"मग काल आईवर ओरडलास कशाला?" इर्मेलीबाईंनी पुसिले.

तेव्हा विजयाच्या कैफात आणि लाजेच्या भरात ताइस्तोरावांनी मोठेपणा केला, आणि मोठेपणा त्या मुलखी कोणी करीत नाही तो का, हे त्यांस तेव्हाच कळले. म्हणाले, "आईंचीही मदत झालीच. हेल्वीआई, मागा काय पाहिजे ते."

सासूबाईंनी कप खाली ठेविला. "माझी गाडी वसंतात गेली. बस येते तेव्हा येते. डॉक्टर म्हणतो, डोळे ससाण्याचे आहेत. उद्या तपासणीला मी चालवीन. आणि मग पुढे न्यायची म्हणते, घरी. बर्फ वितळेपर्यंत."

"असेलही तसं," ताइस्तोराव क्षीण आवाजात म्हणाले.

"बरं झालं, ठरलं," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी तळ्यावरून दाट धुके चालोन आले. सासूबाई चक्र धरोन, इर्मेलीबाई शेजारी, ताइस्तोराव मागे सामानाजवळ, ऐसी स्वारी जागच्या जागी पुन्हा बसविलेले पिवळे दिवे लावोन ठाण्यावर पोचली. तपासनिसाने गुडघे टेकोन पाहिले, नंतर उठोन सासूबाईंस म्हणाला, "आजी, गाडी छान ठेवलीत." "वाफ द्यावी लागते," सासूबाई म्हणाल्या. गाडी पास जाहली.

येणेप्रमाणे धुक्याच्या दिव्यांतील गनीम नामोहरम जाहला, गाडी विकली गेली नाही, क्यार्प्पे घराण्याची अब्रू राहिली, आणि फत्ते ताइस्तोरावांची जाहली, हे बखरकार शपथपूर्वक लिहितो. गाडी सांप्रत सासूबाईंकडे आहे. ताइस्तोराव शाळेत रौनोच्या विजेच्या गाडीतून जातात. मागच्या जागेवर बसतात, आणि धुके पडले म्हणजे तोंड फिरवोन खिडकीबाहेर पाहातात.